टेकू आधी, रस्ता मग
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून तुम्हांला थोडे हसू येईल. विषय असा आहे : मशीन लावलेली होडी रस्त्यावरून कशी न्यावी.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपला जिल्हा दुष्काळी. उन्हाळ्यात प्यायला पाणी टँकरने येते. इथे होडीचे काय काम?"

तुमचे म्हणणे खरे आहे. पण आता दुसरी बाजू पाहू. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, पाण्याचे मोठे साठेही आहेत. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण आहे. ते १९२६ साली पुरे झाले. राहुरी तालुक्यात मुळा धरण आहे. त्यात २६ टीएमसी पाणी मावते. पैठणजवळ जायकवाडीचे धरण आहे. त्याचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला. १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. धरण पैठणला, पण त्याचा फुगवटा आपल्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत पसरला आहे. त्यालाच आपण नाथसागर म्हणतो. तिकडे उजनीचा फुगवटा कर्जत तालुक्याच्या कडेला येऊन टेकतो. या पाण्यावर आपलेच भाऊबंद मासेमारी करतात. त्यांच्याकडे होड्या आहेत.

शिवाय पूर येतो. पाऊस पडतो नाशिकला आणि पूर येतो कोपरगावला. आपल्या गावात थेंब नसला तरी गोदावरी फुगून येते. मग होडी लागतेच.

आता गंमत पाहा. होडी असते धरणावर आणि पूर येतो नदीकाठच्या गावाला. दोघांच्या मध्ये असतो रस्ता. म्हणजे होडीला आधी रस्त्यावरून जावे लागते आणि मग पाण्यात उतरावे लागते.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात फार मोठा पूर आला. तिथले हजारो कोळी बांधव आपल्या होड्या मालट्रकांवर चढवून समुद्रावरून आतल्या गावांत घेऊन गेले. शेकडो होड्या गेल्या. त्यांनी हजारो माणसांचे प्राण वाचवले. त्या होड्या पाण्यात चालल्या, कारण त्या रस्त्यावरून धड आल्या. रस्त्यातच मोडल्या असत्या तर?

होडी रस्त्यात कशी मोडते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नुसते पाहिले नाही. ती आमच्याच हातून मोडली. ती गोष्ट आज सांगतो. आधी होडीच्या मशीनविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत.

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून जे मशीन अडकवतात, त्याला आउटबोर्ड मशीन म्हणतात. मशीनचे तीन भाग ध्यानात ठेवा. वर डोके असते. त्यात इंजिन असते. खाली लांब पाय असतो. पायाच्या टोकाला पंखा असतो. पंखा पाण्यात फिरतो आणि होडी पुढे जाते. मूळचा नॉर्वेचा, पण अमेरिकेत वाढलेला ओले एविनरूड नावाचा एक कारागीर होता. त्याने १९०९ च्या सुमारास अशी मशीने करून विकायला सुरुवात केली. पुढे ती जगभर पसरली. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ती आहेत, आणि आपल्या धरणांवरही आहेत.

लहान मशीन दोन मोठ्या पिळाच्या स्क्रूंनी फळीला आवळलेले असते. मोठे मशीन बोल्टने पक्के बसवतात. पंधरा एच.पी.च्या मशीनचे वजन साधारण चाळीस ते पन्नास किलो भरते. म्हणजे जवळजवळ सिमेंटची एक गोणी. चाळीस एच.पी.चे मशीन सत्तर ते शंभर किलो असते. एवढे वजन एका फळीवर लोंबत असते. हे विसरू नका. पुढची सगळी गोष्ट याच्यावरच आहे.

आता ती गोष्ट ऐका.

२०१९ चा ऑगस्ट महिना होता. नाशिककडे पाऊस थांबेना. धरणांतून पाणी सोडावे लागले. गोदावरी पात्र सोडून वर आली. नदीकाठच्या एका गावात आमचे नातेवाईक राहतात. आम्ही तिथेच होतो. गावाबाहेर मळ्यात एक वस्ती होती. तिला चारी बाजूंनी पाण्याने वेढले. नऊ माणसे अडकली. त्यांत तीन लेकरे होती आणि एक पंच्याहत्तर वर्षांची आजी होती. सगळी जणं स्लॅबच्या घरावर चढून बसली.

वर कळवले होते. पण त्या दिवशी जिकडेतिकडे बोटीची मागणी होती. वाट किती पाहायची? आम्ही पाच जणांनी ठरवले, आपणच होडी आणू.

फुगवट्याच्या काठी आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. मासेमारी करतो. त्याच्याकडे अठरा फुटी फायबरची होडी होती. तिला पंधरा एच.पी.चे मशीन होते. वेल्डरकडून त्याने दोन चाकांचा गाडा करून घेतला होता. हा गाडा जीपच्या मागे जोडता येई. आम्ही जीप घेऊन दुपारी एकला तिथे पोचलो. विद्यार्थी घरी नव्हता. त्याचे वडील होते. त्यांना सगळे तात्या म्हणतात. सारा जन्म त्यांनी पाण्यावर काढला आहे. अक्षरओळख मात्र नाही.

तात्यांनी एका शब्दाने नाही म्हटले नाही. "माणसं अडकलीत म्हणता? मग न्या की. धाकट्याला संगं देतो. तो चालवील." आम्ही होडी गाड्यावर चढवली. मशीन फळीवरच होते. खाली सोडले तर पंखा रस्त्याला घासला असता. म्हणून ते मागे उचलून तिरपे केले आणि मशीनच्या खुंटीवर अडकवले.

तात्या जवळ आले. त्यांनी मशीनला हात लावून पाहिले.

"गुरुजी, असं लोंबतं नेऊ नका. मशीन खोला आन् जीपमधी घ्या. न्हाईतर खालून टेकू द्या."

"खोलायला किती वेळ लागेल, तात्या?"

"दोन सालांत खोललं न्हाई. स्क्रू गंजलेत. तेल सोडून अर्धा तास तरी जाईल."

"आणि टेकू?"

"लाकूड बघून तासायला तेवढाच."

आम्ही घड्याळाकडे पाहिले. अंधार पडायच्या आत परत पोचायचे होते. डोळ्यांपुढे ती तीन लेकरे होती. आम्ही म्हणालो, "तात्या, वेळ नाही. दोरांनी घट्ट आवळतो. जराही हलणार नाही."

तात्या म्हणाले, "दोर धरतो, गुरुजी. पेलत न्हाई."

आम्ही ते ऐकले. पण मनावर घेतले नाही. आम्ही शाळा चालवलेला माणूस. तात्यांना सही येत नाही. आपल्याला जास्त कळते, असे आम्हांला वाटले असेल. आज कबूल करायला लाज वाटत नाही. दोर चांगले चार वेढे देऊन बांधले आणि निघालो.

पन्नास किलोमीटरचा रस्ता. पावसाने खड्डे पडलेले. खड्ड्यांत पाणी भरलेले, त्यामुळे खोली कळत नव्हती. जीप आदळायची. मागे गाडा आदळायचा. प्रत्येक आदळ्याला मशीन वर-खाली झुलायचे. आम्ही काचेतून मागे पाहत होतो. दोर जागेवर होते. आम्हांला समाधान वाटत होते.

पाच वाजता नदीकाठी पोचलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्लॅबवरून लेकरांनी हात हलवले. होडी पाण्यात उतरवली. तात्यांच्या धाकट्याने मशीन सरळ केले. तेवढ्यात तो थबकला. म्हणाला, "गुरुजी, फळीला तडा गेलाय." मागच्या फळीच्या कोपऱ्यातून बोटभर तडा खाली गेला होता.

तरी त्याने धीर केला. कमरेला दोर बांधला, दोराचे टोक काठावरच्या झाडाला बांधले आणि मशीन सुरू केले. पन्नास हात गेला असेल नसेल. मशीनचा जोर बसताच फळी हलू लागली. तडा वाढला. मशीन मागे कलले. फटीतून पाणी आत येऊ लागले. त्याने मशीन बंद केले. आम्ही दोर ओढून त्याला परत आणले. काठावर कोणी बोलेना.

अंधार पडला. ती नऊ माणसे रात्रभर स्लॅबवरच राहिली. पाऊस चालू होता. आम्ही काठावरून बॅटरी दाखवायचो. तिकडून ते बॅटरी दाखवायचे. अधूनमधून लेकरू रडल्याचा आवाज पाण्यावरून यायचा. घराला बाहेरून जिना होता. त्याच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या. पहाटे तीनच पायऱ्या उरल्या होत्या.

सकाळी सरकारी बोट आली. नऊच्या नऊ माणसे सुखरूप बाहेर आली. पण आजीला थंडी भरली होती. आठ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. त्या बऱ्या झाल्या. देवाची कृपा. आणखी तीन पायऱ्या पाणी चढले असते, तर आज आम्ही तुमच्यापुढे कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो?

अर्धा तास वाचवला आणि रात्र घालवली. असा तो हिशेब.

पूर ओसरल्यावर आम्ही होडी परत घेऊन तात्यांकडे गेलो. दुरुस्तीचा खर्च आमचा, असे सांगितले. तात्या रागावले नाहीत. त्यांनी पाण्याने भरलेली बादली आणली. म्हणाले, "गुरुजी, ही धरा. हात अंगाजवळ ठेवा." आम्ही धरली. "जड हाय का?" फारशी जड नव्हती. "आता हात लांब करा." आम्ही हात समोर ताठ केला. लगेच खांदा भरून आला. बादली तीच, पाणी तेवढेच. तरी हात कापू लागला. मग तात्यांनी बादलीच्या बुडाखाली एक काठी उभी लावली. काठी जमिनीवर टेकली. आणि हाताचे ओझे गेले.

"हे मशीनचं हाय, गुरुजी," ते म्हणाले.

त्या दिवशी तात्या मास्तर झाले आणि आम्ही विद्यार्थी झालो.

आता तुम्ही नीट लक्ष द्या. पाण्यात मशीन सरळ उभे असते. त्याचे वजन फळीच्या जवळ असते. म्हणजे हात अंगाजवळ. रस्त्यावर मशीन तिरपे करावे लागते. मग त्याचा पाय मागे लांब जातो. म्हणजे हात ताठ. आता सगळे वजन फळीला मागे आणि खाली पिळते. त्यात गाडा खड्ड्यात आदळला, की तेच वजन क्षणभर कितीतरी पटींनी जड होते. पन्नास किलोमीटरांत असे शेकडो धक्के बसतात. फळी एका धक्क्याने मोडत नाही. ती थोडी थोडी सैल होत जाते. वरून काही दिसत नाही. आणि जिथे माणसे वाट पाहतात, तिथे नेमकी दगा देते.

दोरांनी काय केले? दोर होडीलाच बांधलेले होते. म्हणजे मशीनचे वजन पुन्हा होडीवरच आले. आणि मशीनची ती खुंटी? ती होडी काठाला उभी असताना मशीन वर धरण्यासाठी असते. ती रस्त्याच्या धक्क्यांसाठी नसते. टेकू मात्र मशीनचे वजन गाड्यावर टाकतो. गाड्यावरून ते चाकांवर जाते. चाकांवरून जमिनीवर जाते. ओझे जमिनीला देणे, हे टेकूचे काम.

तर मग होडी कशी न्यावी? एकेक गोष्ट सांगतो.

पहिली गोष्ट. मशीन लहान असेल तर खोलून न्या. दोन माणसे उचलू शकतील असे मशीन फळीवर लोंबत ठेवूच नये. होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेणार असाल, तर मशीन खोलाच. खोललेले मशीन आधी उभे धरून त्यातले पाणी निथळू द्या. मग गोधडीवर किंवा भुश्याच्या पोत्यावर आडवे ठेवा. डोके वर आणि पंखा खाली, असा थोडा उतार ठेवा. डोके खाली गेले, तर पायातले पाणी इंजिनात जाते. कोणत्या कुशीवर ठेवायचे, ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते. चुकीच्या कुशीवर ठेवले, तर तेल नको तिथे जाते. पेट्रोलची नळी काढा. टाकीचे झाकण आणि हवेचा स्क्रू बंद करा. जवळ विडी-काडी नको.

दुसरी गोष्ट. मशीन खोलता येत नसेल तर टेकू द्या. टेकू विकतही मिळतो, पण सुतार किंवा वेल्डर गावात करून देईल. बाभळीचे किंवा सागाचे बळकट लाकूड घ्या, नाहीतर लोखंडी पाइप घ्या. वरच्या टोकाला बेचक्यासारखा आकार करा. त्यात जुन्या ट्यूबचे रबर बसवा. त्या बेचक्यात मशीनचा पाय बसला पाहिजे. पंख्याच्या वर पायाचा जो जाड भाग असतो, तिथे बेचके लावा. पंख्याला किंवा पातळ पात्याला टेकू लावू नका. ते वाकेल. टेकूचे खालचे टोक गाड्याच्या मागच्या आडव्या पाइपवर येऊ द्या. तिथे लोखंडी वाटी किंवा खोबण करा, म्हणजे टोक घसरणार नाही. ते होडीच्या तळावर टेकवू नका. तसे केले, तर ओझे पुन्हा होडीवरच आले.

टेकू लावल्यावर मशीन अगदी थोडे खाली सोडा. वजन टेकूवर बसले पाहिजे. टेकू नुसता खाली उभा आहे आणि वजन अजून खुंटीवरच आहे, असे होऊ देऊ नका. मग दोन्ही टोके पट्ट्याने बांधा. मशीनचे खालचे टोक रस्त्यापासून हातभर तरी वर असू द्या. मशीन डावीकडे-उजवीकडे डोलू नये म्हणून त्याचा हातदांडा बांधा.

तिसरी गोष्ट. होडी गाड्याला पक्की बांधा. पुढे साखळी आणि मागे दोन्ही कोपऱ्यांना पट्टे. हे फार महत्त्वाचे आहे, बरं का. होडी सैल असेल तर ती गाड्यावर वेगळी उडते. मग टेकू मशीनला खालून ढुसण्या मारतो. असा टेकू आधार देण्याऐवजी घातच करतो. होडी, गाडा, मशीन आणि टेकू ही सगळी एक होऊन हलली पाहिजेत.

चौथी गोष्ट. गाडा उलाळ होऊ देऊ नका. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले, तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. होडीच्या गाड्याचेही तसेच आहे. मशीन मागे असते. मागचे ओझे जास्त झाले, तर जीपच्या आकड्यावरचा दाब कमी होतो. मग वेगात गाडा शेपटीसारखा डावा-उजवा हेलकावतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे आकड्यावर आला पाहिजे. त्यासाठी होडी गाड्यावर थोडी पुढे घ्या. पेट्रोलची टाकी, वल्ही आणि दोर पुढच्या बाजूला ठेवा.

पाचवी गोष्ट. पाच किलोमीटरवर थांबा. पहिल्या पाच किलोमीटरांत दोर आणि पट्टे बसतात आणि सैल होतात. उतरून हाताने पाहा. टेकू सरकला का? पट्टा ढिला झाला का? चाकाच्या मध्यभागी हात लावा. फार गरम लागले, तर बेअरिंगला ग्रीस हवे आहे. मग पुढेही मधूनमधून थांबा. पंख्याला पोते गुंडाळा. मागे लाल फडके बांधा. रात्री मागे लाल दिवा हवाच. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात पंखा दिसत नाही.

सहावी गोष्ट. पाण्याजवळ गेल्यावर आधी टेकू काढा. घाईत माणूस हेच विसरतो. टेकू तसाच असेल आणि कोणी मशीन खाली सोडले, तर काहीतरी मोडणारच. मग पट्टे काढा. मग फळी तपासा. कोपरे पाहा. बोटाच्या पेराने फळी ठोकून पाहा. चांगल्या फळीचा आवाज खणखणीत येतो. कुजलेल्या फळीचा आवाज बद्द येतो. फायबरच्या होडीतही पुष्कळदा आत लाकडी फळीच असते. बोल्टच्या भोकांतून पाणी मुरले, की ती आतल्या आत कुजते. मशीनचे स्क्रू पुन्हा आवळा. मशीनला एक साखळी किंवा दोर बांधून तो होडीच्या आतल्या कडीला बांधा. स्क्रू सुटलाच, तर मशीन पाण्याच्या तळाशी तरी जाणार नाही.

आणि एक. मशीन चालते की नाही हे पाहायला ते कोरडे चालवू नका. त्याला थंड ठेवणारे पाणी ते नदीतूनच ओढते. घरी पाहायचे असेल, तर पाण्याने भरलेल्या पिंपात पाय बुडवून पाहा.

आता एक जड गोष्ट सांगतो. २०२४ च्या मे महिन्यात आपल्याच अकोले तालुक्यात, सुगावजवळ, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घ्यायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान धुळ्याहून आले होते. त्यांची होडी नदीत उलटली. त्यात दलाचे तीन जवान गेले. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी त्यांनी जीव दिला. त्या घटनेचा आमच्या टेकूशी काही संबंध नाही. ती सांगतो ती एवढ्यासाठी, की शिकलेल्या, तयारीच्या माणसांनाही पाणी दया दाखवत नाही. मग आपण रस्त्यातच मोडत आणलेली होडी घेऊन पाण्यात जावे काय? पाण्याचा धोका आपल्या हातात नाही. रस्त्यावरची हयगय आपल्या हातात आहे. म्हणून जी होडी माणसे काढायला जाते, ती धड असलीच पाहिजे, आणि तिच्यात बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट असलेच पाहिजे.

भगिनींनो, हे पुरुषांचे काम म्हणून तुम्ही सोडून देऊ नका. पूर आला तेव्हा स्लॅबवर लेकरांना घेऊन बायाच बसल्या होत्या. गावात होडी असेल तर तिचा टेकू कुठे ठेवला आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

आता शेवटचे सांगतो. तात्यांची नवी फळी बसली. टेकूही झाला. मग आम्ही तात्यांना म्हणालो, "तात्या, तुम्ही घरी होतात, म्हणून आम्हांला कोणी सांगितले तरी. तुम्ही घरी नसाल तेव्हा कोण सांगेल?" तात्या विचारात पडले. मग म्हणाले, "मग लिहूनच ठेवा की."

आम्ही पांढरा रंग आणला. गाड्याच्या पुढच्या पाइपवर मोठ्या अक्षरांत सहा ओळी लिहिल्या.

मशीन खोला, नाहीतर टेकू द्या.
वजन टेकूवर बसले का, पाहा.
होडी मागून-पुढून बांधा.
ओझे पुढे ठेवा.
पाच किलोमीटरवर थांबा.
पाण्याजवळ आधी टेकू काढा.

दर वर्षी मृगाच्या आधी ते लोक आता टेकू बाहेर काढतात, लावून पाहतात, स्क्रूंना तेल सोडतात आणि रंग उडाला असेल तर अक्षरे पुन्हा गिरवतात. स्क्रू आता अर्ध्या तासाने नव्हे, दहा मिनिटांत निघतात.

बंधूंनो, तात्यांचे ज्ञान तात्यांच्या डोक्यात होते. ते आता गाड्यावर आले आहे. उद्या कोणीही घाईत आला, तरी तो ते वाचील. तुम्ही या वर्गात अक्षरे शिकलात, ती अशाच वेळी उपयोगी पडतात. मशीनची पुस्तिका असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, की गाड्यावरच्या सहा ओळी असोत. वाचणारा अर्ध्या तासात जे वाचवतो, ते न वाचणाऱ्याला कधी कधी रात्रभर मिळत नाही. पण वाचता येणाऱ्याने न वाचणाऱ्याचे ऐकायलाही शिकले पाहिजे. आम्ही वाचणारे होतो. तात्या न वाचणारे होते. चूक आमची झाली.

तुमच्या घरी होडी नसेल. पण ओझे सगळ्यांच्याच घरी असते. विहिरीवरची मोटार दुरुस्तीला नेताना, ट्रॉलीबाहेर लांब पाइप काढून नेताना, बैलगाडीत लोखंड भरताना एवढा एक प्रश्न स्वतःला विचारा : याचे ओझे कशावर आहे? बांधले आहे, हे उत्तर पुरे नाही. टेकले आहे का, ते पाहा.

दोर धरतो, पण पेलतो टेकूच.